फाल्गुनरावाचा संशय आणि कृत्तिकेचे भय



गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत संशयकल्लोळ' आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पाहिले नसेल त्यांच्या कानांवर निदान त्यातील पदे आली असतील. हसून हसून पोट दुखावे असे हे नाटक. आज आम्ही त्या हसण्याविषयीच थोडे बोलणार आहोत. या नाटकात नवरा संशयी आणि बायकोही संशयी. आणि प्रेक्षक दोघांनाही सारख्याच मोठ्याने हसतात. ते हसणे सारखे असावे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

नाटक रंगभूमीवर गाजले ते 1916 सालापासून. गंधर्व नाटक मंडळीने ते केले. बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. त्याच वर्षी देवल वारले. पण पदे बाजूला काढली तर हे नाटक एकोणिसाव्या शतकातलेच होय. 1893 साली देवलांनी ते 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने गद्यात लिहिले होते. मूळ आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराचे, 1761 सालचे; आणि त्याच्याही मागे मोलियरचे 1660 सालचे एक छोटे फ्रेंच प्रहसन. म्हणजे हा संशय पॅरिसहून लंडनला आणि लंडनहून महाराष्ट्रात आला.

त्याआधी तीन वर्षे, 1890 साली, देवलांनी 'झुंझारराव' लिहिले होते. ते शेक्सपिअरच्या 'अथेल्लो'चे रूपांतर. तेथे जाधवराव कानात विष ओततो, झुंझारराव ते खरे मानतो आणि निरपराध कमळजा प्राणास मुकते. एकाच लेखकाने तीन वर्षांत संशयाची दोन नाटके लिहावी, एकात रडवावे आणि एकात हसवावे, हा योगायोग आम्हांस मोठा बोलका वाटतो. कारण दोन्हींतले यंत्र एकच आहे. शेक्सपिअरने एक हातरुमाल हरवला. येथे एक तसबीर हरवते. ठिणगी केवढी लागते हे तेरखेड्याच्या दारूकाम करणाऱ्या कारागिरांस आम्ही काय सांगावे!

रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि तेवढेच नेमके कृत्तिकेच्या नजरेस पडते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेच्या हाती येते, आणि तेवढेच नेमके फाल्गुनरावाच्या नजरेस पडते. दोघांनीही डोळ्यांनी पाहिले. दोघांचाही तर्क चुकीचा. येथवर देवलांनी तराजू अगदी समतोल धरला आहे. कमळजेला संशय घेण्याची मुभाच नव्हती, ती फक्त संशयाला बळी पडली. कृत्तिका मात्र पाळत ठेवते, जाब विचारते, नवऱ्याला उलट धारेवर धरते. हे 1893 सालच्या मानाने थोडे नव्हे.

पण तराजूच्या बाहेर पाहा. फाल्गुनरावाचा संशय खरा ठरला असता तर त्याची अब्रू गेली असती. घर, पैसा आणि नवी बायको करण्याचा अधिकार, ही सर्व त्याचीच राहिली असती. कृत्तिकेचा संशय खरा ठरला असता तर? हिंदू पुरुषाला एका बायकोवर दुसरी करण्यास त्या काळी कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई इलाख्यात ती 1946 साली आली. आपला हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या कायद्याचा हात येथवर पोचत नव्हता. देशभर हिंदूंना बंदी लागू झाली ती 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने. तेव्हा कृत्तिका ज्या गोष्टीला भीत होती ती गोष्ट शेजारच्या चार घरांत घडलेली असे. आपल्या भाषेने 'सवतीमत्सर' असा एक जोडशब्द घडविला आहे. पुरुषाच्या मत्सरासाठी त्याच्या जोडीचा शब्द तिने घडविला नाही, कारण पुरुषाला सवत नव्हती! फाल्गुनरावाचा संशय हा स्वभाव आहे; कृत्तिकेचा संशय हा अर्धा स्वभाव आणि अर्धा हिशेब आहे.

आता रेवतीकडे वळू. देवलांनी मूळ नाटकात केलेला सर्वांत मोठा बदल हाच. मर्फीची नायिका चांगल्या कुळातली, बापाच्या घरात राहणारी मुलगी. देवलांनी तिला नायकिणीची मुलगी केले. असे का केले असावे? आमचे उत्तर असे. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला आणि वय दहावरून बारा केले, एवढ्यावरून केवढा गदारोळ उठला होता! अशा समाजात वयात आलेली, अविवाहित, एकटी रस्त्याने जाणारी आणि आपला नवरा आपण निवडणारी मुलगी ब्राह्मणाच्या किंवा सावकाराच्या घरात दाखवायची तरी कशी? प्रेक्षकांनी ती खरी मानली नसती. प्रेम करणारी प्रौढ स्त्री हवी तर पुराणात जावे, सुभद्रेसारखी आणावी. नाहीतर गणिकेच्या घरी जावे. देवलांनीच 1887 साली 'मृच्छकटिक' मराठीत आणून वसंतसेना उभी केली होती. रेवती ही तिची धाकटी बहीणच. सन्मार्गाच्या घरची मुलगी रंगभूमीवर आणली तेव्हा, 1899 साली, ती म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी शारदा झाली. हे देवलांचे वैगुण्य नव्हे, त्यांच्या डोळ्यांची सचोटी होय.

पण या बदलाने रेवतीवरचा संशय जड होतो. मर्फीच्या नायिकेवर प्रियकराने संशय घेतला तर तो तिच्या वागण्यावर असतो. अश्विनशेठचा संशय मात्र रेवतीच्या जन्मावर आपोआप टेकतो. तिला नवरा हवा आहे, संसार हवा आहे. आणि ज्या पदाला ती जाऊ इच्छिते त्या पदावरची कृत्तिका किती सुखात आहे ते तर आपण पाहतोच! दोघींना एकमेकींचे भय. दोघींनाही घाबरवणारी वस्तू मात्र पुरुषाच्या खिशात मावेल एवढी तसबीर.

एक गोष्ट जाता जाता. देवलांनी पुरुषांना महिन्यांची नावे दिली, बायकांना नक्षत्रांची. कृत्तिका नक्षत्र कार्तिकाचे. ते फाल्गुनाच्या घरी पडले आहे. रेवती मात्र अश्विनीच्या अगदी शेजारची. हा केवळ चावटपणा असेलही, पण लेखकाच्या मनात जोड्या कोणत्या जमल्या आणि कोणत्या विजोड, हे त्यातून कळते.

त्या काळी कृत्तिका, रेवती, कमळजा, सर्व पुरुषच करीत. पुरुषाने वठवलेली संशयी बायको आणि समोर बहुतेक पुरुष प्रेक्षक. मग कृत्तिका कजाग होत गेली तर नवल नाही. नवल हे, की आता स्त्रिया ती भूमिका करतात तरीही पुष्कळ प्रयोगांत ती तशीच कजाग राहिली आहे. डोळे वटारायचे, पदर खोचायचा, आणि टाळी घ्यायची.

येथील हौशी मंडळींपैकी कोणी पुढेमागे हा प्रयोग लावला, तर आमची एक विनंती आहे. नवरा परक्या तरुण मुलीला सावरताना दिसतो, त्या क्षणी कृत्तिकेने लगेच ओरडू नये. क्षणभर गप्प राहावे, आणि मागे वळून आपल्या घराकडे एकदा पाहावे. मग खुशाल ओरडावे. हशा पिकायचा तो पिकेलच. देवलांचे लेखन तेवढे पक्के आहे.