अग्निबाणातील धातूचे कण

दिवाळीच्या फुलबाजीतून शुभ्र ठिणग्या उसळतात, त्या लखलखाटात ॲल्युमिनियमच्या भुकटीचाही वाटा असतो. हीच भुकटी उपग्रह वाहून नेणाऱ्या अग्निबाणाच्या पोटात असते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. अग्निबाणाचे घन इंधन मुख्यतः तीन पदार्थांचे असते: प्राणवायू पुरविणारा अमोनियम परक्लोरेट हा क्षार, सर्वांना धरून ठेवणारे रबरासारखे बंधक आणि ही भुकटी. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या घन इंधनात तिचे प्रमाण शेकडा १६ होते. धातू जळताना प्रचंड उष्णता देतो. मग अडचण कोणती?

अडचण आहे ती धातूच्या राखेची. इतर घटक जळून वायुरूप होतात आणि निमुळत्या तोंडातून प्रसरण पावत वेगाने बाहेर पडतात. त्या प्रतिक्रियेने अग्निबाण पुढे जातो. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मात्र बव्हंशी द्रव थेंबांच्याच रूपात राहते. ते स्वतः प्रसरण पावत नाही. उलट वायूलाच त्याला ओढून न्यावे लागते.

हे थेंब किती मोठे, यावर सारे अवलंबून असते. मूळ कण केसाच्या जाडीहूनही बारीक असतो व त्यावर ऑक्साइडचे पातळ कवच असते. आतला धातू ६६० अंश सेल्सियसला वितळतो, कवच मात्र २,००० अंशांपलीकडे. आतला द्रव फुगून कवच तडकते आणि शेजारचे कण मिसळून शंभराहून अधिक मायक्रॉनांचा थेंब बनू शकतो. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे, वायूचा वेग गाठण्यास लागणारा काळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; म्हणजे व्यास दहापट, तर काळ शंभरपट! असे जड थेंब मागे रेंगाळतात. काही वळण न साधल्याने तोंडाजवळ मळीसारखे साचतात. बारीक कण मात्र वायूच्या दाबातील आंदोलने शमवितात, हा त्यांचा उपकारच होय.

तीन हजार अंशांच्या त्या भट्टीत डोकावणार कोण? म्हणून शास्त्रज्ञ लहान दाबपात्रांच्या खिडकीतून जलद छायाचित्रे घेतात, उडालेले कण विझवून मोजतात आणि संगणकावर वायूच्या प्रवाहात निवडक थेंबांचा मार्ग आखतात. परंतु आरंभीचा व्यासच चुकीचा धरला, तर पुढील निर्दोष गणितही चुकीचेच उत्तर देते.

भारताने १८ जुलै १९८० रोजी, डॉ. वसंत गोवारीकर विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक असताना, चारही टप्पे घन इंधनाचे असलेल्या एस.एल.व्ही.-३ या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. २०२३ साली चांद्रयान-३ नेणाऱ्या अग्निबाणाच्या दोन बाजूंना प्रत्येकी सुमारे २०० टन घन इंधन होते. द्रव इंधनाची तोटी बंद करता येते. घन इंधन एकदा पेटले की ते संपेपर्यंत जळतच राहते. चूक सुधारण्याची सवड तेथे नाही. म्हणूनच डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या कणाचा हिशेब ठिणगी पडण्यापूर्वीच पुरा व्हावा लागतो.