टोरंट आणि व्हीपीएन : मध्यस्थाची पारख
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस यंदा बोलावयास सांगितले, तेव्हा विषय आम्हीच मागून घेतला. दरसाल या व्यासपीठावरून शिक्षण, विवाहखर्च, वसतिगृहाचा निधी यांवर व्याख्याने होतात, आणि ती व्हावयासच हवीत. परंतु गेल्या वर्षी आपल्याच एका घरावर जो प्रसंग आला, तो ऐकल्यावर या विषयाचा उच्चार उघडपणे झाला पाहिजे असे आम्हांस वाटले. त्या कुटुंबाची संमती घेतलेली आहे. नाव मात्र आम्ही घेणार नाही.

आमच्या हाताखाली शिकलेला, पुढे अभियंता झालेला एक मुलगा उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेला. तिघा सोबत्यांसह एका बिऱ्हाडात राहू लागला. इंटरनेटची जोडणी त्यांपैकी एकाच्या नावावर होती. या मुलाने एका रात्री टोरंटद्वारे नवा चित्रपट उतरवून घेण्यास लावला व तो झोपी गेला. काही आठवड्यांनी त्या सोबत्याच्या नावे वकिलाचे पत्र आले. चित्रपटाचे नाव, तारीख, पहाटेची वेळ सेकंदासह आणि जोडणीचा आयपी पत्ता, असे सारे त्यात लिहिलेले होते. कित्येकशे युरोंची मागणी आणि पुन्हा असे करणार नाही अशा हमीपत्रावर सही, हे दोन्ही त्यांस हवे होते. जर्मनीत अशी पत्रे पाठविण्याची रीतच आहे, आणि पत्र येते ते ज्याच्या नावे जोडणी असेल त्यास. गुन्हा एकाचा, दारी पत्र दुसऱ्याच्या!

मुलाने आम्हांस दूरध्वनी केला, तेव्हा त्याच्या तोंडी एकच वाक्य होते, "गुरुजी, मी तर व्हीपीएन लावला होता!" आणि ते खोटे नव्हते. त्याने फुकट मिळणारा एक व्हीपीएन लावलेला होता. पहाटे काही मिनिटे तो तुटला, पुन्हा जुळला; टोरंट मात्र त्या मधल्या काळात उघड्यावर चालूच राहिले. तेवढी मिनिटे वकिलास पुरली.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक, प्राथमिक शाळेत हयात गेली. यंत्रविद्येचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु त्या दूरध्वनीनंतर जे वाचले, जाणत्या तरुणांस विचारून घेतले व स्वतः करून पाहिले, ते आपणांपुढे ठेवतो.

टोरंट म्हणजे चोरी, असा एक समज आहे. तो बरोबर नव्हे. ब्रॅम कोहेन या अमेरिकन गृहस्थाने २००१ साली ही पद्धत काढली. तिचे मर्म पंगतीच्या उदाहरणाने चांगले कळते. नेहमीच्या पद्धतीत एकच वाढपी साऱ्या पंगतीस वाढतो; पंगत वाढली की त्याची दमछाक होते. टोरंटमध्ये मोठ्या फायलीचे लहान लहान तुकडे केलेले असतात, आणि ज्याच्या पानात जो तुकडा पडला तो त्याने लगेच शेजाऱ्यास वाढावयाचा. प्रत्येक तुकड्याचा एक गणिती ठसा आधीच नोंदलेला असल्यामुळे मध्येच कोणी खराब तुकडा वाढला तर तो टाकून दिला जातो. जेवणारे जितके अधिक, तितके वाढपीही अधिक. डेबियनसारख्या मोफत संगणकप्रणाली, लिब्रेऑफिस हे कार्यालयीन कामाचे साधन आणि इंटरनेट अर्काइव्ह या ग्रंथसंग्रहातील असंख्य पुस्तके याच मार्गाने राजरोस वाटली जातात.

आता या पंगतीचे दोन गुण नीट ध्यानी घ्या, कारण सारा धोका त्यांतूनच उद्भवतो. पहिला असा की, घेणारा हा आपोआप देणाराही असतो. आपल्या मुलाने चित्रपट नुसता पाहिला असता तर निराळी गोष्ट होती; टोरंटमुळे तो त्या चित्रपटाचा वाटप करणारा ठरला. दुसरा असा की, या पंगतीत प्रत्येकाचा पाट व पत्ता सर्वांस दिसतो. दिसल्यावाचून शेजारी वाढणार कसा? चित्रपटाच्या मालकाने नेमलेला माणूसही त्याच पंगतीत येऊन बसतो आणि मुकाट्याने पत्ते टिपून घेतो. यात कोणतीही घरफोडी नाही.

व्हीपीएनचे काम येथे येते. आपण एक पत्र लिहितो, ते दुसऱ्या लखोट्यात घालून मोहोरबंद करतो व एका मध्यस्थाकडे पाठवितो. मध्यस्थ बाहेरचा लखोटा फोडतो आणि आतील पत्र स्वतःच्या पत्त्यावरून पुढे धाडतो. आपल्या गावच्या टपालवाल्यास, म्हणजे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस, फक्त बाहेरचा लखोटा दिसतो. पंगतीतील मंडळींस फक्त मध्यस्थाचा पत्ता दिसतो. उत्तम योजना आहे. परंतु आपण कोण आणि आपले पत्र कोणाकडे चालले, या दोन्ही गोष्टी आता एकाच इसमास ठाऊक आहेत, आणि तो इसम म्हणजे हा मध्यस्थ. गुपित नाहीसे झाले नाही. ते एका हातातून दुसऱ्या हाती गेले.

सबब व्हीपीएनची निवड ही मुख्यतः माणसाची पारख आहे, आणि पारख आपल्या ज्ञातीस काही नवी नाही. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण टिपणावर विसंबतो काय? टिपणात सारेच निर्व्यसनी असतात! आपण शेजारी विचारतो, घेणेकरी विचारतो, अडचणीच्या वेळी ते घराणे कसे वागले ते पाहतो. व्हीपीएनच्या जाहिरातीत "आम्ही कोणतीही नोंद ठेवीत नाही" हे वाक्य टिपणातल्या निर्व्यसनीपणासारखे सर्वत्र आढळते. त्यावर न जाता, पोलीस दारी आले तेव्हा काय झाले, हे पाहावे.

ही उदाहरणे जगजाहीर आहेत. २०११ साली हाइडमायअ‍ॅस या ब्रिटिश कंपनीने न्यायालयाच्या आदेशावरून आपल्या नोंदी दिल्या व त्यावरून अमेरिकेत एक तरुण पकडला गेला. २०१७ साली प्यूरव्हीपीएनच्या नोंदींचा उपयोग अमेरिकेतील एका स्त्रीच्या छळाच्या खटल्यात झाला. आरोपी पकडला गेला हे योग्यच झाले, परंतु नोंदी ठेवीत नाही असे सांगणाऱ्याकडे त्या होत्या, हे त्यातून कळले. २०२० च्या जुलैत हाँगकाँगशी संबंधित सात मोफत व्हीपीएनांच्या ग्राहकांची माहिती उघड्यावर पडलेली सापडली. नोंदी ठेवीत नाही असेच तेही सांगत होते. आता दुसरी बाजू पाहा. २०१६ साली प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेस या कंपनीकडे अमेरिकन तपासयंत्रणेने माहिती मागितली, तेव्हा तिच्यापाशी उपयोगाचे असे काही देण्यासारखे नव्हते. २०२३ च्या १८ एप्रिलला स्वीडनच्या पोलिसांनी गोथेनबर्ग येथे मुलवाड या कंपनीच्या कचेरीत झडतीचे वॉरंट आणले व ते रिकाम्या हाती परतले. शंभर जाहिरातींहून अशी एक झडती आम्ही अधिक मोलाची मानतो. याखालोखाल बाहेरच्या परीक्षकांनी केलेली तपासणी आणि कार्यक्रमाचा उघड केलेला मूळ मजकूर यांचे महत्त्व. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनने या दोन्ही गोष्टी केलेल्या आहेत.

फुकट व्हीपीएनविषयी आमचे मत कडक आहे. यंत्रे चालवावयास पैसा लागतो. तो आपण देत नसू तर दुसरा कोणी देत असतो, आणि तो काही धर्मादाय म्हणून नव्हे. २०१५ साली होला या मोफत सेवेविषयी असे उघड झाले की, तिच्या वापरणाऱ्यांचीच जोडणी ती दुसऱ्यांस विकत होती. म्हणजे परक्याची कृत्ये आपल्या पत्त्यावर! प्रोटॉनची मोफत शाखा यास अपवाद म्हणता येईल, कारण तिचा खर्च पैसे भरणारे ग्राहक सोसतात. पण तिच्यावर टोरंटला परवानगीच नाही. मुलवाडचा दर महिन्यास ५ युरो असा सरळ आहे, नाव किंवा ईमेलही विचारीत नाहीत. तीन वर्षांचे पैसे एकदम भरा व सवलत घ्या असे जे सांगतात, त्यांचेकडे मात्र आम्ही थोडे थांबूनच जावे असे सुचवू. या धंद्यात मालक बदलतात; २०२१ साली एक्सप्रेसव्हीपीएन केप या कंपनीने विकत घेतली.

आता घरी बसून करावयाच्या गोष्टी. त्या मुलाचे जे चुकले ते येथेच. व्हीपीएनमध्ये किल स्विच नावाची कळ असते. व्हीपीएन तुटला की ती सारी जोडणीच बंद करते. ती चालू केलेली असलीच पाहिजे. तेवढ्यावरही न थांबता टोरंटच्या कार्यक्रमासच व्हीपीएनशी बांधून टाकावे. क्यूबिटटोरंट या मोफत कार्यक्रमात प्रगत मांडणीच्या पानावर नेटवर्क इंटरफेस निवडण्याची सोय आहे. तेथे व्हीपीएनचे नाव निवडले म्हणजे व्हीपीएन नसेल तर टोरंट एक तुकडाही घेत नाही की देत नाही. आम्ही स्वतः टोरंट चालू असता व्हीपीएन मुद्दाम तोडून पाहिला. आकडा तत्काळ शून्यावर आला. ही परीक्षा प्रत्येकाने पहिल्याच दिवशी घ्यावी. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता बाजूने गळत नाही ना, हेही पाहावे. पुष्कळ ठिकाणी जुना पत्ता झाकलेला व नवा उघडा असा प्रकार आढळतो. वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन यांपैकी पद्धत असावी, जुनाट पीपीटीपी नसावी.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणून एक सोय असते, तिच्यामुळे अपरिचित शेजारीही आपल्या पानापर्यंत पोहोचू शकतो. ती नसली तरी उतरविणे होते, वाटणे तेवढे मंदावते. मुलवाडने ती २०२३ साली बंद केली. प्रोटॉनच्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांस ती मिळते. ज्यास पुष्कळ वाटावयाचे आहे त्याने याचा विचार करावा.

आपल्या देशाचा कायदा थोडक्यात सांगतो. भारतात व्हीपीएन वापरणे हा गुन्हा नाही. परंतु २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी संस्थेने आदेश काढला की, व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते व दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जपून ठेवावेत. तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन यांनी त्याच वर्षी भारतातील आपली यंत्रे काढून घेतली. गुन्हेगार सापडावा ही सरकारची चिंता आम्हांस समजते. तरी निरपराध्याच्या नावाची वही पाच वर्षे कोठे पडून राहावी, हे आम्हांस रुचत नाही. असो.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही चोरास कुलूप उघडण्याची विद्या शिकविता. तसे नव्हे. त्या मुलास आम्ही स्पष्ट सांगितले की, चित्रपट घेण्यात तुझी चूक होती आणि किल स्विच असता तरी ती चूकच राहिली असती. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. आणि न्यायाने मिळण्याजोगे थोडे आहे काय? लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. साने गुरुजी १९५० साली गेले. २०११ पासून त्यांचे लेखन मुक्त आहे. १९३६ चा 'संत तुकाराम'ही मुक्त झालेला आहे. व्हीपीएन रोगट फाइलही निरोगी करीत नाही. चित्रपटाच्या नावापुढे ईएक्सई अशी शेपटी दिसली तर ती फाइल उघडू नये. विंडोज ही शेपटी मुळात लपवूनच ठेवते, ती दाखविण्याची मांडणी आधी करून घ्यावी.

राहता राहिला आपल्या मंडळाचा प्रश्न. जुन्या स्मरणिकांची छायाचित्रे काढण्याचे काम पुरे होत आले आहे, आणि परदेशातील ज्ञातिबांधवांस ती टोरंटने पाठवावीत अशी तरुणांची सूचना आहे. ती आम्हांस मान्य आहे. मात्र ज्या लेखांचा हक्क लेखकांच्या वारसांकडे आहे त्यांची परवानगी आधी घ्यावी. वंशावळींचे खंड मात्र त्यात घालू नयेत अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्यांत हयात माणसांची नावे, जन्मतारखा, पत्ते आहेत. व्हीपीएन घेणाऱ्याचा पत्ता झाकील. पंगतीत वाढलेले अन्न कोणी खाल्ले ते मात्र परत घेता येत नाही. ते खंड कपाटातच राहू द्यावेत, ज्यास हवे त्याने आपल्या घराण्याचे पान चिटणिसांकडून नेावे.

टोरंट सुरू झाल्यावर काही दिवस तरी चार-पाच यंत्रे रात्रंदिवस चालू राहावी लागतील. ज्यांच्या घरी तशी सोय आहे त्यांनी आपली नावे आजच चहाच्या वेळी चिटणिसांकडे द्यावीत. जर्मनीतील त्या मुलाने पहिले नाव स्वतःचे दिले आहे.