पॉलिथीनवरची शाई
सालेकशाच्या बाजारातून दुधाची जी पॉलिथीनची पिशवी आपण बिनदिक्कत घरी आणतो, तिच्यावरची छपाई नखाने खरवडली तरी सहसा सुटत नाही, ही वस्तुतः नवलाची बाब. कारण पॉलिथीन हे बहुवारिक (पॉलिमर) स्वभावतःच इतके अलिप्त, की त्यावर पाण्याचा थेंब पसरत नाही आणि शाईही धरत नाही. म्हणून कारखान्यात पॉलिथीनचा पापुद्रा छपाईआधी उच्च विद्युत्-दाबाच्या विसर्गाखालून नेतात; त्यायोगे हवेतील प्राणवायू पृष्ठभागाशी संयोग पावून अवघ्या काही नॅनोमीटर खोलीपर्यंत त्याची प्रकृती पालटतो, आतला माल मात्र जैसे थे. हा अंमल कायमचा नव्हे; माल गुदामात रेंगाळला, की ओसरतो. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही प्लाझ्माद्वारे, म्हणजे अशा विसर्गातल्या विद्युत्-भारित वायूद्वारे, बहुवारिकांचे पृष्ठभाग पालटण्याचे संशोधन झाले आहे. हाच संस्कार नक्षीदार जाळीआडून केला, तर पाणी त्या नक्षीबरहुकूमच पसरते.