गच्चीवरचे ऊन आणि घरातली शिल्लक
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मी काटकसरीवर दोन शब्द बोलावे, अशी चालकांची आज्ञा झाली. काटकसर म्हणजे पोटाला चिमटा, असे आपण धरून चालतो. पण जे ऊन गच्चीवर रोज फुकट पडते, ते कामाला लावणे हीसुद्धा काटकसरच आहे.

वीज आपल्या भागाला नवी नाही. सह्याद्रीवरचा पाऊस अडवून टाटांनी १९१५ साली खोपोलीस व १९२२ साली भिवपुरीस वीज काढली. ती मुंबईला गेली. उन्हाची वीज मात्र ज्या घराच्या छपरावर ऊन, त्याच घराची!

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. तीत एका किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन वा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. नाव 'मोफत' असले तरी बाकीची रक्कम आपल्यालाच घालायची असते. तेव्हा आधी हिशेब मांडावा.

आमच्या घरी महिन्याला सरासरी अडीचशे युनिट लागत आणि बिल अडीच हजारांच्या आसपास येई. दोन किलोवॅटला १ लाख ३० हजार खर्च आला. अनुदान वजा जाता ७० हजार घरचे पडले. आता स्थिर आकार वगैरे भरून महिन्याला सुमारे दोन हजार वाचतात. म्हणजे तीन वर्षांत मुद्दल फिटते आणि पॅनेल तर वीस-पंचवीस वर्षे टिकतात. पण जिचे बिल चारशेच येते, तिने घाई करू नये. शंभराच्या वरचे युनिट महाग असतात. खरी बचत तिथेच आहे. तिला मुद्दल सुटायला दहा वर्षेही लागतील.

आपल्याकडे पावसाळ्यात ऊन म्हणजे पाहुणा. मग काय करायचे? उन्हाळ्यात घरखर्चाहून जास्त झालेले युनिट महावितरणकडे आपल्या नावे जमा राहतात आणि मार्चअखेरपर्यंत वापरता येतात. एप्रिल-मेचे वाळवण आपण पावसाळ्यात काढतो, तसेच हे.

आणखी दोन गोष्टी सांगते. एक, बॅटरी नसलेली साधी यंत्रणा बाहेरची वीज गेली की बंद पडते. तारेवर काम करणाऱ्याच्या जिवासाठीच ती व्यवस्था आहे. दोन, आंब्याची किंवा टाकीची सावली पॅनेलवर पडू देऊ नये. धूळ सकाळी पाण्याने धुवावी.

शेवटचे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. आज घरी गेल्यावर वीजबिलावरचे नाव वाचा. कितीतरी घरांत ते अजून कैलासवासी सासऱ्यांचेच असते! अर्ज आणि अनुदान ज्याच्या नावे जोडणी, त्याच्या नावे होते. नाव बदलायचेच आहे, तर घर चालवणाऱ्या बाईचे का लागू नये? हे घरात बसून, सर्वांच्या संमतीने ठरवा.

आणि वाचलेले दोन हजार वाणसामानात विरू देऊ नका. दर महिन्याला पोस्टात, आपल्या नावे टाका. वहीत आकडा लिहिला, तरच ती शिल्लक. नाहीतर ऊन आले तसे गेले.