मागण्यांच्या पुस्तकात न दिसणारी माणसे



या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आभार लांबवत नाही, कारण दुपारच्या सत्रात तुम्हाला ठराव करायचा आहे आणि त्यासाठी वेळ उरला पाहिजे. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. शासनाच्या खर्चावर लोकप्रतिनिधींची नजर असते असे आपण मानतो. ती नजर शासनाच्या संगणक प्रणाली चालवणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचते का? माझे उत्तर आधीच सांगतो. पोहोचत नाही, आणि त्याची किंमत सामान्य माणूस मोजतो आहे.

अधिकारांची कमतरता नाही. संविधानाच्या कलम ११३ ने लोकसभेला आणि कलम २०३ ने विधानसभेला प्रत्येक विभागाची अनुदानाची मागणी मंजूर करण्याचा, नाकारण्याचा किंवा त्यात कपात करण्याचा अधिकार दिला आहे. आपली लोकलेखा समिती तर स्वातंत्र्याच्याही आधीची, १९२१ सालची. १९६७ मध्ये मिनू मसानी यांच्यापासून संसदेच्या या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत रूढ झाला, आणि तो आजही पाळला जातो. इतका चांगला संकेत आपल्या सार्वजनिक जीवनात फार थोड्या ठिकाणी टिकला आहे. पण अधिकार वापरायला वेळ लागतो, आणि वेळेचीच वानवा आहे. २०१८ मध्ये लोकसभेत एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा झाली नाही, सगळ्या मागण्या गिलोटिन लावून एकदम मंजूर झाल्या. २०२३ मध्ये पुन्हा तेच घडले.

आपल्या महाराष्ट्रात पुरवणी मागण्यांचे तसेच आहे. २०२४ मध्ये अतिरिक्त अर्थसंकल्प २८ जूनला मांडला गेला आणि ९ जुलैला ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सभागृहासमोर आल्या. मधे अकरा दिवस. पुरवणी मागणी म्हणजे मूळ अंदाजात जे आधी दिसू शकले नाही त्याची सोय. अकरा दिवसांत न दिसलेले इतके काय असते, हे विचारण्याचा सभागृहाला पूर्ण हक्क आहे, मग सरकार कोणत्याही पक्षाचे असो.

हे तुम्ही सगळे जाणता. आता ज्यासाठी उभा आहे त्याकडे वळतो.

कोणत्याही विभागाचे मागण्यांचे पुस्तक उघडा आणि उद्दिष्टशीर्षांवरून बोट फिरवा. ०१ वेतन. या शीर्षामागे मंजूर पदे असतात, त्यांचा आकृतिबंध असतो, वेतनश्रेणी असते. कनिष्ठ लिपिकाचे एक पद वाढवायचे तर नस्ती वित्त विभागात जाते, उच्चस्तरीय सचिव समितीपुढे जाते, शेरे मारून परत येते. आता त्याच कार्यालयातला प्रोग्रामर शोधा. तो वेतनात सापडत नाही. तो १० कंत्राटी सेवांमध्ये असेल, २८ व्यावसायिक सेवांमध्ये असेल, १७ संगणक खर्चात यंत्रांच्या देखभालीबरोबर गुंडाळलेला असेल, किंवा एखाद्या योजनेच्या प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीत असेल. काही वेळा तो ३१ सहायक अनुदानातून एखाद्या शासकीय कंपनीकडे वळवलेल्या रकमेत असतो, आणि ती कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीकडून माणसे घेते. पुस्तकात रक्कम दिसते. माणूस, त्याचे काम, त्याची मुदत यांतले काहीच दिसत नाही. लिपिकाच्या एका पदासाठी इतकी चाळण लावणारी आपली व्यवस्था, लाखो लोकांची माहिती ज्याच्या हाती आहे त्याच्याबद्दल एक ओळही विचारत नाही.

यातला फरक किती मोठा आहे पाहा. १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारात ४० लाख ३५ हजार मंजूर पदांपैकी सुमारे ९ लाख ७९ हजार पदे रिक्त होती. हे संसदेत सांगितले गेले, त्यावर टीका झाली, सरकारला भरतीची घोषणा करावी लागली. मंजूर पद असले की रिक्त पद मोजता येते, आणि मोजता आले की जाब विचारता येतो. कंत्राटावरच्या संगणकतज्ज्ञाची जागा कधी रिक्त होतच नाही, कारण कागदोपत्री ती जागाच नसते. तो गेला की प्रणाली बंद पडते, आणि सेवा केंद्राच्या दारावर 'सर्व्हर डाउन'चा कागद लागतो. तुटवडा कळतो तो असा, रांगेतल्या माणसाला.

तालुक्याच्या कार्यालयात घडीभर बसा. दाखल्यावर सही साहेबांची, पण डिजिटल सहीचा डोंगल टेबलावरच्या ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये. लॉगिन अधिकाऱ्याचे, पासवर्ड ऑपरेटरला पाठ. कंत्राट संपले की नवी एजन्सी येते. माणूस तोच, खुर्ची तीच, गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी तेवढी बदलते आणि भविष्य निर्वाह निधीचे खाते पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकांची कहाणी तर महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०११ पासून संग्राम कक्षांत आणि पुढे आपले सरकार सेवा केंद्रांत या तरुणांनी गावोगावचे दाखले, नमुने आणि पीकविम्यापासून कर्जमाफीपर्यंतचे अर्ज भरले. ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या निधीतून पैसे देई, ते कंपनीकडे जात, आणि परिचालकाच्या हातात वर्षानुवर्षे सात हजारांच्या आतले मानधन पडे, तेही कित्येक महिने थकून. आझाद मैदानावर ही मुले कितीदा येऊन बसली! कर्मचारी म्हणून आम्हाला ओळखा, एवढेच त्यांचे मागणे होते. शासनाचा डिजिटल कारभार त्यांच्या बोटांवर चालला आणि शासनाच्या एकाही आस्थापना सूचीत त्यांचे नाव नव्हते, याची मला मनापासून लाज वाटते.

समित्या काय करतात, असे तुम्ही विचाराल. इथे मला आपल्या रचनेतला एक दोष स्पष्ट दिसतो. एखादे पोर्टल घ्या. योजनेचा पैसा विभागाचा, म्हणून तो विषय लोकलेखा समितीकडे. पोर्टल बांधणारी शासकीय कंपनी, म्हणून ती सार्वजनिक उपक्रम समितीकडे. अर्ज भरणारा परिचालक ग्रामपंचायतीचा, म्हणून तो पंचायती राज समितीकडे. एकाच कामाचे तीन तुकडे तीन दालनांत जातात आणि अख्खे काम कोणासमोरच येत नाही. साक्षीला सचिव येतात. प्रणालीबद्दल नेमका प्रश्न आला की ते मागे वळून पाहतात. मागे बसलेले उपसचिव चिठ्ठी पुढे करतात. ज्याला उत्तर ठाऊक आहे तो त्या दालनात नसतोच, कारण तो शासनाचा नोकर नाही. 'माहिती घेऊन कळवू' एवढे इतिवृत्तात लिहिले जाते आणि माहिती येईपर्यंत सचिव बदललेले असतात, कंत्राटही बदललेले असते.

लेखापरीक्षक आपले काम करतात, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे. आयुष्मान भारत योजनेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आला. योजनेच्या नोंदींत ७ लाख ४९ हजारांहून अधिक लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले. तो क्रमांक कोणता? दहा वेळा नऊ. मंत्रालयाने खुलासा केला की लाभार्थ्याची ओळख मोबाइलवरून पटवली जात नाही, त्यामुळे लाभावर परिणाम होत नाही. खुलासा मान्य करू. तरी प्रश्न उरतोच. दहा नऊ स्वीकारणारा रकाना कोणी बांधला, कोणी तपासला, आणि ती नोंद साडेसात लाखांपर्यंत वाढत असताना रोजच्या रोज पाहणारा जबाबदार माणूस विभागाकडे होता का? अहवाल छापून येतो तेव्हा खर्च होऊन गेलेला असतो. मागणी मंजूर होताना हा प्रश्न विचारला गेला असता, तर त्याचा उपयोग झाला असता.

घरचे उदाहरण द्यायलाच हवे. २०१७ च्या कर्जमाफीत ३४,०२२ कोटींची घोषणा झाली, ऑनलाइन अर्ज घेतले गेले, दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रे वाटली गेली. बँकांच्या आणि अर्जांच्या याद्या जुळेनात, म्हणून खात्यात रक्कम पडायला उशीर झाला. सात वर्षांनी, जुलै २०२४ च्या ज्या पुरवणी मागण्यांचा मी मघाशी उल्लेख केला, त्यांत मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी २५,००० कोटी होते. ॲप घाईने आले. अंगणवाडी सेविकांनी घरोघरी, रात्री जागून अर्ज भरले. त्यांचे कष्ट मी कमी लेखणार नाही, आणि योजनेच्या महिन्याच्या पंधराशे रुपयांनी कित्येक घरांत बाईच्या हाती पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला हेही विसरणार नाही. पण जुलै २०२५ मध्ये शासनानेच सांगितले की माहिती पडताळल्यावर सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी निकषांत बसत नसल्याचे दिसते. आधी पैसा, मग वर्षभराने पडताळणी. या ॲपची माहिती इतर योजनांच्या माहितीशी कोण जुळवणार, कधी जुळवणार, त्यासाठी विभागाकडे किती तज्ज्ञ आहेत? हे तीन प्रश्न मागणीवर मत देण्यापूर्वी विचारायचे होते. आता त्या छाननीत खरी गरजू बाईही भरडली जाते. ई-केवायसीसाठी तिला खेटे घालावे लागतात आणि चूक मात्र तिची नसते.

कंत्राट वाईटच, असे मी म्हणत नाही. काही कौशल्ये अल्पकाळ लागतात, बाजारात त्यांचे मोल शासकीय वेतनश्रेणीच्या बाहेरचे आहे, ती बाहेरून घ्यावीच लागतील. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्ययंत्रणेमार्फत पदे भरण्याच्या शासन निर्णयाविरुद्ध तरुण रस्त्यावर आले आणि पुढच्याच महिन्यात तो निर्णय रद्द झाला. चांगले झाले. मात्र त्यामुळे आधीपासून कंत्राटावर असलेल्यांची मोजदाद झाली नाही. माझा आग्रह एवढाच की प्रणालीची मालकी, तिची माहिती आणि तिच्यावर शेवटचा निर्णय घेणारा माणूस शासनाचा असावा. कायम नोकरीत असावा, समितीपुढे साक्षीला बोलावता येईल असा असावा. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे आपल्या ओळखीच्या एनआयसीने, जिल्ह्याजिल्ह्यांत अशी माणसे दिली. त्या संस्थेच्या मनुष्यबळाच्या तुटवड्याकडे संसदेच्या स्थायी समितीने मागण्यांवरच्या अहवालांत वारंवार लक्ष वेधले आहे. केरळ विधानसभेने १९८० मध्येच विषय समित्या नेमल्या आणि विभागांच्या मागण्या मतदानापूर्वी त्यांच्याकडे जातात. मतदानाआधी तपासणी करता येते, हे त्यावरून सिद्ध झाले आहे.

म्हणून दुपारच्या ठरावासाठी माझी सूचना मांडतो. पुढच्या अर्थसंकल्पापासून प्रत्येक मागणीबरोबर एक पान जोडले जावे, मराठीत. विभागाच्या कोणत्या प्रणाली चालू आहेत, त्या चालवणारी माणसे किती, त्यांतली नियमित किती आणि कंत्राटी किती, ती कोणत्या शीर्षातून पगार घेतात, कंत्राट कधी संपते, आणि मूळ सांकेतिक संहिता व माहितीसाठा कोणाच्या ताब्यात आहे, एवढे त्या पानावर असावे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. वित्त विभागाचे एक परिपत्रक पुरते. आणि पोर्टलच्या बाबतीत तिन्ही समित्यांनी एकत्र साक्ष घ्यावी, अशी विनंती आपण विधिमंडळाच्या पीठासीन अधिकाऱ्यांना करावी.

परिपत्रकाची वाट पाहू नका. तुमच्यापैकी कितीतरी जण आज आहरण व संवितरण अधिकारी आहेत. निधी वितरणाच्या बीम्स प्रणालीवर निधी तुमच्याच लॉगिनमधून निघतो, देयकावर सही तुमची असते. सोमवारी कार्यालयात गेलात की ते पान स्वतःच्या कार्यालयापुरते भरा आणि त्या माणसांची नावे लिहा. पत्रकार मित्रांनो, ते पान मागा. आमदारांनो, आणि आज इथे काही जण आवर्जून आले आहेत, त्या पानाशिवाय मागणीला हात वर करू नका.