जर्मनीतलं शहर निवडताना

(उच्चशिक्षणासाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



जर्मनीला जायचं मनात आलं की आपण विचारतो, "कोणत्या शहरात जाऊ?" घरचे विचारतात, "तिथे आपली माणसं आहेत का? मशीद जवळ आहे का? हलाल मिळतं का? पोरगी एकटी कशी राहील?" अम्मी-अब्बांच्या या प्रश्नांना मी हसणार नाही. मालेगाव किंवा मिरजेच्या मोहल्ल्यातून मुलीला सात हजार किलोमीटरवर पाठवायचं म्हणजे काळजी वाटणारच. पण शहर या प्रश्नांपासून निवडायला सुरुवात केली की फसगत होते. हे प्रश्न शेवटी घ्या. आधी पैसा, मग भाषा, मग माणसं, हा क्रम का ठेवायचा ते सांगतो.

पैशापासून सुरुवात करू. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. दर सेमेस्टरला शंभर ते चारशे युरोंच्या दरम्यान अंशदान भरावं लागतं आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच बस-रेल्वेचा पास येतो. पण "जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य सगळीकडे लागू नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य, म्हणजे श्टुटगार्ट, हायडेलबर्ग, कार्ल्सरूह, फ्रायबुर्ग ही शहरं, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सेमेस्टरला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना सेमेस्टरला २,००० ते ६,००० युरो शुल्क लावलं. त्याच शहरातल्या लुडविग माक्सिमिलियान विद्यापीठाने मात्र तसं केलेलं नाही. म्हणजे केवळ शहराचं नाव पाहून भागत नाही. राज्य कोणतं, विद्यापीठ कोणतं, आणि ते सरकारी आहे की खासगी, हे पाहावं लागतं. मोठ्या शहराच्या नावावर महागड्या खासगी संस्थांतल्या जागा विकणारे एजंट आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळवून दिल्याचं कमिशन त्यांना सहसा मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. रुपयांत ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. आता हिशेब करा. म्युनिकमध्ये इतरांसोबतच्या घरातल्या एका खोलीला सातशे-आठशे युरो सहज जातात. आरोग्य विम्याचे सुमारे दीडशे. उरलेल्या शंभरेक युरोंत महिनाभर जेवायचं कसं? केमनित्स, माग्डेबुर्ग किंवा इल्मेनाऊसारख्या गावी खोली साडेतीनशेच्या आसपास मिळू शकते. महिन्याला चारशे युरोंचा फरक धरला तर दोन वर्षांत ९,६०० युरो होतात. म्हणजे जवळजवळ एका वर्षाचा खर्च.

आपल्या घरांत यात आणखी एक प्रश्न असतो, व्याजाचा. शैक्षणिक कर्ज घ्यावं की नाही, यावर प्रत्येक कुटुंबाने आपल्या विवेकाने ठरवावं. मी फतवा द्यायला उभा नाही. पण स्वस्त शहर निवडलं की कर्जाची रक्कम कमी होते आणि काहींच्या बाबतीत कर्जाची गरजच उरत नाही. धर्माच्या नावाने मुलीचं शिक्षण अडवण्याआधी ही आकडेमोड घरात मांडून बघा.

नोकरी करून भागवू, असंही काही जण म्हणतात. नियमाने वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण छोट्या गावात काम मिळायला जर्मन लागतं. मोठ्या शहरात इंग्रजीवर काम मिळेलही, पण तिथे कमावलेलं घरभाड्यातच जाईल. म्हणून दुसरा मुद्दा भाषेचा.

अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी शहर जर्मनमधून चालतं. घराचा करार, पत्त्याची नोंदणी, डॉक्टर, परदेशी नागरिकांचं कार्यालय, सगळीकडे जर्मन. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. त्या १८ महिन्यांत कोण टिकतं, हे बहुतेकदा भाषेवर ठरतं. बर्लिनमध्ये इंग्रजीवर दोन वर्षं निघतात आणि नेमकी तीच अडचण होते. ब्राउनश्वाइग किंवा येनामध्ये बेकरीवालीशी बोलायलाही जर्मन लागतं, म्हणून ती येते.

आपल्या आधी गेलेल्यांनी हे कसं केलं तेही पाहा. १९०७ मध्ये मुहम्मद इक्बाल हायडेलबर्गसारख्या लहान गावी राहून जर्मन शिकले आणि डॉक्टरेट म्युनिकमधून मिळवली. झाकिर हुसैन बर्लिनमध्ये शिकले, अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि १९२६ मध्ये परत येऊन अडचणीत सापडलेली जामिया सांभाळली. पुढे ते राष्ट्रपती झाले. बर्लिनची विल्मर्सडॉर्फ मशीद तेव्हा बांधून पुरी झाली नव्हती, ती १९२८ मध्ये झाली. त्याच १९२८ मध्ये महाराष्ट्रातून इरावती कर्वे मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या. यांपैकी कुणी शहर निवडताना आपला मोहल्ला शोधला नव्हता.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे येतो. आपली माणसं आहेत का? जर्मनीत पन्नास लाखांहून अधिक मुस्लिम आहेत. पण ते सगळीकडे सारखे नाहीत आणि त्याला इतिहास आहे. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. ते कामगार खाणींत आणि कारखान्यांत गेले. म्हणून कोलोन, डुइसबुर्ग, डॉर्टमुंड, फ्रांकफुर्ट, श्टुटगार्ट, पश्चिम बर्लिन इथे मशिदी आणि हलाल दुकानं भरपूर आहेत. पूर्वेकडच्या शहरांत ती कमी होती. अलीकडे, विशेषतः २०१५ नंतर सीरियातून आलेल्या लोकांमुळे, लाइपझिगसारख्या ठिकाणीही चित्र बदललं आहे.

पण त्या मशिदीत गेल्यावर काय होतं? कोलोनची मोठी मशीद तुर्की संघटनेची आहे. दुसरी मशीद अरबांची असेल, तिसरी बोस्नियनांची. आपली दखनी किंवा कोकणी तिथे कुणाला कळणार नाही आणि त्यांची तुर्की आपल्याला कळणार नाही. या सगळ्या मुस्लिमांना एकमेकांशी बोलायला एकच समाईक भाषा आहे, ती म्हणजे जर्मन. म्हणजे "आपली माणसं" हवी असली तरी आधी जर्मनच शिकावं लागेल. म्हणून मी म्हटलं, हे प्रश्न शेवटी घ्या. पहिली दोन उत्तरं नीट आली की तिसरं बऱ्याच अंशी मिळालेलं असतं.

सुरक्षिततेचं बोलायलाच हवं. १ जुलै २००९ रोजी ड्रेस्डेनच्या न्यायालयात मारवा अल-शेरबिनी या इजिप्शियन स्त्रीचा खून झाला. हिजाबवरून तिचा अपमान करणाऱ्याविरुद्ध ती साक्ष द्यायला आली होती. त्यावरून "पूर्वेकडे जाऊ नका" असा सल्ला सर्रास दिला जातो. पण १९९३ मध्ये तुर्की कुटुंबाचं घर जाळून पाच जणींचा जीव घेतला गेला ते झोलिंगेन पश्चिमेत आहे. २०२० मध्ये वंशद्वेषातून नऊ जणांना गोळ्या घातल्या गेल्या ते हानाऊही फ्रांकफुर्टजवळ आहे. पूर्वेकडच्या काही राज्यांत स्थलांतरितविरोधी पक्षाला जास्त मतं मिळतात, हे खरं आहे. पण नकाशावर रेघ मारून सुरक्षितता मिळत नाही. शहर ठरवण्याआधी तिथे शिकणाऱ्या दोन-तीन विद्यार्थिनींशी बोला. रात्री वसतिगृहाकडे ट्राम कितीपर्यंत असते, कोणत्या भागात घर घेऊ नये, विद्यापीठात तक्रार कुणाकडे करायची, हे त्याच सांगू शकतात. २००६ पासून तिथे भेदभावविरोधी कायदा आहे. तो माहीत करून घ्या.

हिजाब घालणाऱ्या मुलींसाठी : विद्यार्थिनींना विद्यापीठात त्यावर बंदी नाही. शिक्षिकांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, असं जर्मनीच्या घटना न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं. खासगी मालकाला मात्र काही अटींवर सर्वच धार्मिक खुणांना मनाई करता येते, असं युरोपीय न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवलं. नोकरीचा विचार करताना हे ध्यानात ठेवा. जी हिजाब घालत नाही, तिच्यावर तिथल्या आपल्या मंडळींनी पहारा ठेवू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

नमाजाचं नियोजनही लागतं. डिसेंबरात बर्लिनला चारच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे जोहर, असर आणि मगरिब तिन्ही तासांच्या वेळेत येतात. जूनमध्ये दिवस जवळजवळ सतरा तासांचा असतो. काही विद्यापीठांत सर्वांसाठी शांततेची खोली असते. डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठात अशी खोली होती. काही मुस्लिम विद्यार्थ्यांनी तिच्यात आडोसे लावून स्त्रियांसाठी वेगळा, लहान भाग केला. २०१६ मध्ये विद्यापीठाने ती खोलीच बंद केली. सर्वांची जागा आपली एकट्याची मानली की ती सर्वांच्याच हातून जाते. आपल्या मोहल्ल्यातली चौकट सोबत नेली तर शहर कोणतंही निवडा, फरक पडणार नाही.

आता काम. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने तीन शहरांचा तक्ता करून आणायचा. एक मोठं, एक मध्यम, एक लहान. प्रत्येकासमोर लिहा : अभ्यासक्रम कोणत्या भाषेत, विद्यापीठ सरकारी आहे का, शुल्क किती, खोलीचं भाडं किती, वसतिगृहासाठी किती महिने थांबावं लागतं, तुमच्या विषयाचे उद्योग जवळ आहेत का. शेवटच्या रकान्यात मशीद आणि हलाल दुकान लिहा. भारतीय विद्यार्थ्यांना लागणारं एपीएस प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, त्याचा अर्ज आधी करा. प्रवेश मिळाला की त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज भरा. जर्मनचा वर्ग आजपासून लावा, त्यासाठी व्हिसाची वाट पाहू नका.

तो तक्ता अम्मी-अब्बांसमोर ठेवा. "पोरगी एकटी कशी राहील" याचं उत्तर त्यांना कागदावर दिसू द्या. मग चर्चा भीतीवर न होता आकड्यांवर होईल आणि तुमच्यातल्या काही मुलींचं जाणं त्या चर्चेतूनच ठरेल.