हात बसण्यापूर्वी



महाराष्ट्रातून शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी चेन्नईत आलेल्या आपणांसमोर, गिंडीच्या ह्या सभागृहात, एका भाषांतरकाराने बोलावे हे जरा विपरीतच होय. शस्त्रक्रियेविषयी मला जे ठाऊक आहे ते पुस्तकांतून आणि शल्यचिकित्सकांच्या तोंडून. परंतु वैद्यकीय लेखन मराठीत आणताना एका शब्दाने मला फार अडविले, आणि तो आपल्या कामाच्या मुळाशी आहे.

तो शब्द म्हणजे ‘कौशल्य’. तो उच्चारला की वाटते, ही वस्तू एखाद्याजवळ असते, एखाद्याजवळ नसते. सुश्रुतसंहितेने योजलेला शब्द निराळा आहे : ‘योग्या’, म्हणजे सराव. सूत्रस्थानाचा नववा अध्याय सर्वस्वी ह्याच विषयास वाहिलेला आहे. शास्त्र कितीही ऐकले असले तरी ज्याने योग्या केली नाही तो कर्मास अपात्र, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. आणि सराव कशावर करावा? छेद घेणे कोहळा, दुध्या, काकडी ह्यांवर; भेदन पाण्याने वा चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर; शिरावेध मृत पशूच्या शिरेवर अथवा कमळाच्या देठावर; शिवण जाड वस्त्राच्या आणि मऊ कातड्याच्या कडांवर; पट्टी बांधणे मनुष्याकृती बाहुल्यावर. ही यादी वाचताना मला आश्चर्य वाटले ते तिच्या प्राचीनतेचे नव्हे, तर प्रत्येक क्रियेसाठी तिच्या जातीचाच पदार्थ शोधण्यामागील काटेकोरपणाचे.

मराठीत आपण ‘हात बसणे’ म्हणतो. प्रश्न एवढाच, की तो कोणावर बसवावयाचा? अमेरिकेत बाल्टिमोर येथे 1889 साली उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉल्स्टेड यांनी निवासी प्रशिक्षणाची पद्धत घडविली. वाढत्या जबाबदारीची ती परंपरा पुढे जगभर गेली. परंतु तिच्यात नवशिक्याचा हात रुग्णाच्याच देहावर तयार होई. आणि तो रुग्ण बहुधा सार्वजनिक रुग्णालयातला, डॉक्टर निवडण्याची ऐपत नसलेला असे. ही गोष्ट आपण सौम्य शब्दांत गुंडाळू नये, असे मला वाटते.

साधी गाठ घ्या. धाग्याचा दुसरा फेरा पहिल्याच्या उलट दिशेने पडला तर गाठ पक्की. त्याच दिशेने पडला तर ती सरकते, आणि रक्तवाहिनीवरील गाठ सरकणे म्हणजे काय हे मी आपणांस सांगावयास नको. ही चूक खुर्चीच्या दांड्यास बांधलेल्या दोऱ्यावर शंभर वेळा झाली तरी कोणाचे काही जात नाही. तीच गोष्ट सुईची : ती त्वचेत काटकोनात शिरावी, मनगट तिच्या वळणाबरोबर फिरावे, जखमेच्या कडा एकमेकींस भिडाव्यात पण आवळल्या जाऊ नयेत. हे सारे फोमच्या तुकड्यावर शिकता येते. मात्र कोरड्या बोटांनी जमलेली गाठ ओल्या हातमोज्यांत पुन्हा शिकावी लागते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने तर हा प्रश्न टाळणेच अशक्य केले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1990 साली डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी ह्या पद्धतीने पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. ह्या तंत्रात हात उजवीकडे नेला की उपकरणाचे टोक डावीकडे जाते, आणि डोळे हातांकडे नसून पडद्याकडे असतात. खुल्या शस्त्रक्रियेत मुरलेला हातही येथे काही काळ बालकाचा होतो. म्हणून पेटीत कॅमेरा बसवून, आत वाटाणे वा मणी ठेवून ते उचलण्याचा सराव करतात. लाखो रुपयांच्या यंत्रापुढे ही पेटी गरीब दिसते. पण सुश्रुताच्या कोहळ्याची ती सख्खी वारस आहे.

2019 पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमाबरोबर प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य-प्रयोगशाळा असणे आवश्यक ठरले. खोल्या झाल्या, पुतळे आले. कोठे कोठे त्या तपासणीच्या दिवशीच उघडतात, असे तुमच्यासारखेच विद्यार्थी सांगतात. पुतळा विकत घेता येतो. त्याच्याशेजारी उभे राहून ‘बोट येथे नको, तेथे’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाचा तास विकत मिळत नाही, तो वेळापत्रकातच राखून ठेवावा लागतो. तेव्हा आपापल्या विभागात पहिली मागणी कसली कराल? मी तरी यंत्राची करणार नाही. आठवड्यातला एक ठरलेला तास, एक वरिष्ठ आणि त्या खोलीची किल्ली मागेन.